कळफलकाकडून दोन बटनांकडे : ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने संगणकावरचा खोल खेळ दिवाणखान्यात कसा आणला?

#इतिहास #थ्रेड

१/ २७ मे १९८६. जपानमधील दुकानांत ‘फॅमिकॉम’ या खेळयंत्रासाठी एक नवी कॅसेट विक्रीस आली. तिच्यात ना उड्या होत्या, ना गोळीबार. खेळाडूने लोकांशी बोलायचे, पैसे साठवायचे, शस्त्र विकत घ्यायचे आणि हळूहळू बलवान व्हायचे, एवढाच तिचा व्यवहार. नाव ‘ड्रॅगन क्वेस्ट’. सुरुवातीला तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही. पुढे मात्र जपानमध्ये तिच्या सुमारे १५ लाख प्रती खपल्या आणि ‘रोल-प्लेइंग गेम’ हा शब्द तेथील शाळकरी मुलांच्या तोंडी रुळला. हे कसे घडले, आणि त्यासाठी काय सोडावे लागले, याचा हा आढावा.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून, कागदावर आकडे मांडून खेळायचा हा खेळ. प्रत्येक जण योद्धा, मांत्रिक, चोर अशी एखादी भूमिका घेई आणि एक जण सूत्रधार होई. विद्यापीठांतील संगणक हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांना लवकरच एक गोष्ट उमगली : सूत्रधाराचे निम्मे काम आकडेमोडीचे आहे, आणि आकडेमोड तर यंत्रही करू शकते.

३/ १९८१ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी ‘ऍपल टू’ या घरगुती संगणकावर दोन खेळ आले. रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा’ वरून पाहिलेल्या नकाशावर मुक्त भटकंती करू देई. अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्डरी’ सहा जणांची टोळी घेऊन दहा मजली भुयारात उतरवी आणि भिंती खेळाडूच्या स्वतःच्या नजरेतून दाखवी. पुढच्या चाळीस वर्षांतील बहुतेक रोल-प्लेइंग खेळांचे कूळ या दोघांपैकी एकाशी, किंवा दोघांशीही, जोडता येते.

४/ हे खेळ खोल होते, आणि तितकेच कठोरही. ‘विझर्डरी’चे भुयार आलेखाच्या कागदावर चौकोन-चौकोन आखत उतरावे लागे, नकाशा चुकला की टोळी हरवली. मेलेल्या सोबत्याला देवळात नेऊन जिवंत करता येई, पण विधी फसला तर त्याची राख होई आणि तीही फसली तर तो कायमचा गेला. ‘अल्टिमा’मध्ये कळफलकाच्या जवळजवळ प्रत्येक अक्षराला एकेक आज्ञा नेमलेली असे. पुस्तिका पाठ असल्याखेरीज एक पाऊल टाकणे कठीण. वेळ, इंग्रजी आणि महागडा संगणक, हे तिन्ही ज्याच्यापाशी, त्याचाच हा खेळ.

५/ आता जपानकडे वळू. टोकियोतील ‘एनिक्स’ ही कंपनी मुळात घरजमिनींच्या जाहिराती छापणारी. तिने १९८२ साली संगणकीय खेळांची स्पर्धा जाहीर केली आणि त्यातून दोन तरुण पुढे आले. एक युजी होरी : १९५४ साली आवाजी बेटावर जन्मलेला, वासेदा विद्यापीठात शिकलेला, मासिकांतून मुक्त लेखन करणारा. दुसरा कोइची नाकामुरा : शाळकरी वयातच निष्णात प्रोग्रामर. एनिक्सने विजेत्यांना अमेरिकेतील ‘ऍपलफेस्ट’ या प्रदर्शनाला नेले. तेथे त्यांनी ‘विझर्डरी’ पाहिला आणि दोघेही त्यात गुंतले.

६/ येथे एक लोकप्रिय समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट हा कन्सोलवरचा पहिला रोल-प्लेइंग गेम’ असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नाही. अमेरिकेत ‘अटारी २६००’ या यंत्रावर १९८२ सालीच ‘ड्रॅगनस्टॉम्पर’ आला होता. जपानी संगणकांवर हेंक रॉजर्स यांचा ‘द ब्लॅक ऑनिक्स’ १९८४ चा, ‘हायड्लाइड’ही त्याच वर्षीचा, आणि ‘हायड्लाइड’ फॅमिकॉमवर ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या काही आठवडे आधीच पोहोचला होता. त्यामुळे ‘पहिला कोण?’ हा प्रश्न येथे फारसा उपयोगी नाही. ‘परक्या घरात तो रुजवला कोणी?’ हा अधिक उपयोगी.

७/ घर परके का? फॅमिकॉम हे निन्टेन्डोचे टीव्हीला जोडायचे यंत्र, १५ जुलै १९८३ रोजी आलेले, किंमत १४,८०० येन. संगणकाच्या तुलनेत ते फार स्वस्त होते, म्हणून घराघरांत शिरले. पण त्याला कळफलक नव्हता. हातात एक दिशादर्शक फुली, दोन मुख्य बटने आणि ‘स्टार्ट’, ‘सिलेक्ट’ ही दोन छोटी बटने. काम करण्याची स्मृती अवघी २ किलोबाइट. माहिती जपून ठेवायला तबकडी नाही. यंत्र बंद केले की सारे पुसले. आणि खेळणारी बहुतांश मुले ‘सुपर मारिओ’वर वाढत असलेली : बटन दाबले की काहीतरी लगेच घडले पाहिजे, या सवयीची.

८/ होरीने या अडचणीची तालीम आधीच केली होती. त्याचा ‘पोर्टोपिया खून मालिका’ हा रहस्यखेळ १९८३ साली संगणकावर आला, तेव्हा खेळाडूला आज्ञा टंकाव्या लागत. नेमका शब्द सुचला नाही की तपास तेथेच अडे. १९८५ साली तो खेळ फॅमिकॉमवर आणताना होरीने टंकन काढून टाकले आणि पडद्यावर आज्ञांची यादीच मांडली. शब्द आठवण्याचे ओझे गेले, विचार करण्याचे राहिले. पुढच्या साऱ्या प्रयोगाची किल्ली या एका बदलात होती.

९/ ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये दोन्ही अमेरिकन पूर्वजांचा संगम दिसतो. गावे, रान, समुद्र वरून दिसतात, ही ‘अल्टिमा’ची रीत. लढाई सुरू झाली की राक्षस समोरासमोर उभा राहतो, ही ‘विझर्डरी’ची. मात्र आज्ञा आठच : बोलणे, बळ पाहणे, जिना, शोधणे, मंत्र, सामान, दार आणि घेणे. सहा जणांच्या टोळीऐवजी एकच नायक. लढाईतही एका वेळी एकच शत्रू. मूळ जपानी आवृत्तीत पात्रांचे तोंड नेहमी खेळाडूकडेच असे. त्यामुळे ‘बोलणे’ निवडल्यावर कोणत्या दिशेला बोलायचे, तेही सांगावे लागे. इतकी जागेची चणचण होती.

१०/ त्या चणचणीचे प्रमाण पाहा. संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवलेला होता. आजच्या मोबाइलवरचे एक साधे छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट मोठे असते. कांजी चिन्हे घेणे अशक्यच. सर्व मजकूर ‘हिरागाना’ या अक्षरमालेत. ‘कताकाना’ ही दुसरी अक्षरमालाही पूर्ण मावेना, म्हणून मोजकीच अक्षरे ठेवली आणि राक्षसांची व मंत्रांची नावे त्या अक्षरांतून जुळवली. आपल्याकडे बाराखडीतील निम्मी अक्षरे काढून घ्यावीत आणि उरलेल्यांतून पात्रांचे बारसे करायला सांगावे, तसे हे काम. कांजी नसल्याचा एक लाभही झाला : लहान मुलांनाही सारे वाचता आले.

११/ या खेळाची सुरुवात अभ्यासण्याजोगी आहे. नायक राजापुढे उभा असतो. दालनाचे दार कुलूपबंद. आत पेट्या आहेत. त्यांत १२० सुवर्णमुद्रा, मशाल आणि एक किल्ली. बाहेर पडायचे तर राजाचे व पहारेकऱ्यांचे बोलणे ऐकायचे, पेटीतील वस्तू ‘घ्यायची’, किल्लीने ‘दार’ उघडायचे आणि ‘जिना’ उतरायचा. म्हणजे पहिल्या खोलीतून बाहेर येईपर्यंत खेळाडू निम्म्या आज्ञा शिकून मोकळा होतो, आणि तेही जिवाला कोणताही धोका नसताना. ‘विझर्डरी’ची पुस्तिका जे काम करी, ते येथे एका बंद दालनाने केले.

१२/ किल्ल्याबाहेर पाऊल टाकताच पाण्यापलीकडे खलनायकाचा किल्ला दिसतो. शेवट पहिल्याच क्षणी डोळ्यांसमोर आहे. पण मधे पाणी आहे आणि तेथे जायला जवळपास सारे जग पालथे घालावे लागते. वाटेतील पूल हे उंबरठ्यासारखे. पूल ओलांडला की शत्रू अधिक बलाढ्य होतात, हे मूल दोन-तीन वेळा मार खाऊन आपोआप शिकते. ‘येथे अजून येऊ नकोस’ अशी पाटी कोठेही लावलेली नाही. भूगोलच ते सांगतो.

१३/ मृत्यूची व्यवस्था तर मूळ खेळांच्या अगदी उलट. नायक मेला तर तो राजापुढे पुन्हा उभा राहतो. जवळचे निम्मे धन जाते, पण कमावलेला अनुभव राहतो. चटका बसतो, कष्ट मात्र वाया जात नाहीत. पहिली पातळी ओलांडायला अवघे ७ अनुभवगुण पुरतात. म्हणजे काही क्षणांतच ‘आपण वाढलो’ हा आनंद हाती येतो. चपळ बोटांचे मूल असो वा मंद बोटांचे, पुरेसा वेळ दिला की दोघेही शेवट गाठू शकतात. मारिओच्या जगात ही हमी कोणीही देत नव्हते.

१४/ माहिती जपण्याचा प्रश्न उरला होताच. त्यावर उपाय होता ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’. राजाला भेटले की तो २० अक्षरे सांगे. ती वहीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. नायकाचे नाव, अनुभव, धन, सामान हे सारे त्या अक्षरांत गुंफलेले. त्यांची मांडणी ५-७-५-३ अशी होती. पहिले तीन तुकडे म्हणजे जपानी हायकूचीच लय. पण एक अक्षर चुकले तर मंत्र निष्फळ, आणि सारखी दिसणारी अक्षरे धूसर टीव्हीवर सहज फसवत. त्या पिढीतील असंख्य जपानी मुलांनी आठवड्याभराची मेहनत एका चुकलेल्या अक्षरापायी गमावली.

१५/ हे सारे असूनही आरंभी खप मंद होता, हे थ्रेडच्या सुरुवातीला नमूद केलेच. मग पारडे फिरले कसे? होरी ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात व्हिडिओ गेमविषयी लिहीत असे. त्या साप्ताहिकाचा खप तेव्हा ४० लाखांच्या घरात होता. तेथील संपादक काझुहिको तोरिशिमा यांच्यामुळे ‘ड्रॅगन बॉल’कार अकिरा तोरियामा चित्रांसाठी लाभला. रोल-प्लेइंग म्हणजे काय, पातळी कशी वाढवायची, अडकल्यास काय करायचे, हे ‘जंप’ने मुलांना समजावून सांगितले. खेळ शिकवणारी शाळा खेळाच्या आत होती, तशी बाहेरही उभी राहिली.

१६/ तोरियामाच्या ‘स्लाइम’कडे पाहिले की चित्रांचे मोल कळते. ‘विझर्डरी’त स्लाइम हा किळसवाणा लगदा होता. होरीच्या कच्च्या रेखाटनातही तो ढिगासारखाच होता. तोरियामाने त्याला थेंबाचा आकार, गोल डोळे आणि हसू दिले. सर्वांत दुबळा शत्रू सर्वांत लाडका झाला. संगीत कोइची सुगियामा यांचे. ते तेव्हा ५५ वर्षांचे, दूरचित्रवाणी व जाहिरातींतील प्रस्थापित संगीतकार. एनिक्सच्या एका शोगी खेळाविषयी त्यांनी अभिप्रायाचे कार्ड पाठवले आणि त्यातून ओळख झाली. मोजक्या स्वरांत त्यांनी राजदरबाराला शोभेल असे अभिजात वळणाचे संगीत बांधले.

१७/ आता या थ्रेडचा मूळ मुद्दा. संगणकावर वाढलेल्या अनेक खेळाडूंचा आक्षेप आजही ऐकू येतो : कन्सोलसाठी सोपे केले म्हणजे उथळ केले. पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पुरता तो आक्षेप निराधार नाही. भूमिका निवडण्याचे स्वातंत्र्य गेले, सोबती गेले, स्वतः नकाशा आखण्यातले थरारक एकटेपण गेले. ज्या खेळप्रकाराचे नावच ‘भूमिका वठवणे’, त्यात भूमिका एकच आणि तीही ठरलेली. येथून जपानी परंपरा कथेकडे झुकत गेली आणि पाश्चात्त्य परंपरा निवडीच्या स्वातंत्र्याकडे. हा दुरावा दीर्घकाळ टिकला.

१८/ पण इतिहासात एका ग्रंथावर निवाडा करू नये. पुढचे खंडही पाहावेत. जानेवारी १९८७ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ आला : नायकाला दोन सोबती मिळाले, शत्रू झुंडीने येऊ लागले, मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. फेब्रुवारी १९८८ मध्ये तिसरा भाग आला : चार जणांची टोळी, आणि योद्धा, मांत्रिक, पुरोहित, व्यापारी असे व्यवसाय निवडून खानावळीत सोबती जमवण्याची सोय. हे तर थेट ‘विझर्डरी’चे अंगण! कॅसेटमधील बॅटरीने मंत्र उतरवण्याचा जाचही संपवला. जी खोली पहिल्या भागात वगळली होती, ती दोन वर्षांच्या आत मुलांच्या हाती सोपवली गेली. फरक इतकाच की आता ती पेलण्याची त्यांची तयारी झाली होती.

१९/ तिसऱ्या भागाविषयीची आख्यायिका सर्वश्रुत आहे : म्हणे जपान सरकारने कायदाच केला की ‘ड्रॅगन क्वेस्ट’ शाळेच्या दिवशी विकायचा नाही. असा कोणताही कायदा झाला नाही. आख्यायिकेचे बीज मात्र खरे. १० फेब्रुवारी १९८८ हा बुधवार होता. पहिल्याच दिवशी १० लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी हटकले. चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० रोजी आला. तो दिवस रविवार होता. बदल झाला तो प्रकाशकाच्या वेळापत्रकात. लोकस्मृतीने त्याचा कायदा केला.

२०/ अमेरिकेत मात्र हे बियाणे सावकाश उगवले. १९८९ साली निन्टेन्डोने तो ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने नेला. बॅटरी बसवली, पात्रांना चारी दिशांना वळवले, भाषा जुन्या इंग्रजीच्या धाटणीची केली. तरी खप अपेक्षेइतका झाला नाही. अखेर ‘निन्टेन्डो पॉवर’ या मासिकाच्या वर्गणीदारांना ती कॅसेट भेट म्हणून देण्यात आली. ज्या देशात ‘विझर्डरी’ जन्मला, तेथील मुलांना त्याचा नातू असा फुकट वाटावा लागला. पण त्या भेटीमुळेच अनेक घरांत पहिला रोल-प्लेइंग गेम शिरला.

२१/ मराठी घरांतील नव्वदचे दशक आठवणाऱ्यांना फॅमिकॉमचा परिचय आहे, फक्त त्या नावाने नाही. ‘व्हिडिओ गेम’ म्हणून बाजारात मिळणारी अनेक यंत्रे त्याचीच नक्कल होती. त्यांच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटींत ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ सर्रास असत. मजकुरावर उभा असलेला, परक्या लिपीतील ‘ड्रॅगन क्वेस्ट’ त्यांत सहसा नसे. तेच यंत्र, तीच दोन बटने. पण भाषेचा पूल नव्हता. खोल खेळ पोहोचवण्यात भाषेचा वाटा किती मोठा असतो, याचा हा दाखला आपल्या घरातलाच आहे.

२२/ पहिल्या भागाच्या शेवटी एक प्रसंग येतो. मराठी लोककथांत राजा नायकाला अर्धे राज्य देतो. येथे खलनायकच अर्धे जग देऊ करतो आणि विचारतो : होय की नाही? ‘होय’ म्हटले तर सारा प्रवास तेथेच बुडतो. ६४ किलोबाइटच्या या ‘सोप्या’ खेळाने आठ-दहा वर्षांच्या मुलापुढे लोभाचा प्रश्न ठेवला आणि उत्तराची जबाबदारीही त्याच्यावरच टाकली. खोली आज्ञांच्या संख्येवरून मोजणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा.

२३/ पुढे हीच समस्या नव्या रूपांत येत राहिली. २००२ साली ‘मोरोविंड’ आणि २००३ साली ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ हे पाश्चात्त्य धाटणीचे विस्तीर्ण खेळ ‘एक्सबॉक्स’वर आले. २०२३ साली ‘बाल्डर्स गेट ३’ने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे नियमच कन्सोलच्या नियंत्रकावर बसवून दाखवले. प्रत्येक वेळी प्रश्न तेच : कोणत्या आज्ञा यादीत ठेवायच्या, काय यंत्राने करायचे, काय खेळाडूच्या बुद्धीवर सोडायचे.

२४/ होरीच्या उत्तराचे सार असे मांडता येईल. ओझे आणि खोली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आज्ञा पाठ करणे, नकाशा आखणे, चुकीला कायमची शिक्षा भोगणे, हे काहींना प्रिय असले तरी बहुतेकांसाठी ते दारावरचे कुलूप होते. त्याने पहिल्या खोलीत किल्ली ठेवली आणि दार मुलांकडूनच उघडवून घेतले. आतली दालने मग एकेक करून वाढवत नेली. ज्यांना कुलूपच प्रिय होते, त्यांचे काही हरवले, हे खरे. पण ज्यांना आत येताच येत नव्हते, त्यांची संख्या लाखांत होती, आणि या खेळप्रकाराचा पुढचा इतिहास मुख्यतः त्यांनी घडवला.

(थ्रेड समाप्त)